ओटा ते ओटा

धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांमधून सकाळी आठच्या सुमारास हिंडलात तर सायकल हातात धरून चालणारे म्हातारे हमखास दिसतील. सायकलवर बसत नाहीत. कॅरियरला पिशवी नसते, टायरात हवा जेमतेम असते, घंटी तर कधीच गेलेली. दोन्ही हात हँडलवर, अंग जरासं पुढे झुकलेलं, आणि चाल अगदी निवांत. नवख्या माणसाला वाटतं, पंक्चर झाली असेल. आमच्या गल्लीतल्या एका आप्पांना मी एकदा सुचवलं, की एवढं लोढणं ओढण्यापेक्षा काठी का घेत नाही? आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या जमिनीवर दावा सांगितला असावा. अहिराणीत म्हणाले, "काठी म्हातारासले लागस. माले सायकल शे ना!" आप्पांचं वय ब्याऐंशी.

पुढे हाडांच्या डॉक्टरांकडे नानांना, म्हणजे वडिलांना, घेऊन गेलो तेव्हा या सायकलीचं गूढ उकललं. वय झालं की कमरेतली मणक्याची नळी काही जणांची अरुंद होते, आतल्या नसा दाबल्या जातात. थोडं चाललं की पाय जड होतात, मुंग्या येतात, पोटऱ्या भरून येतात. खाली बसलं किंवा पुढे वाकलं की ती नळी किंचित मोकळी होते आणि पाय पुन्हा चालायला तयार. म्हणून हँडलवर रेलून चालणाऱ्याला बरं वाटतं. काठीवर असं रेलता येत नाही, ती एका बाजूला आधार देते. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी एमआरआय न काढता हे शोधून काढलं आणि वर आब राखला तो वेगळाच.

डॉक्टरांनी नानांना विचारलं, "किती अंतर चालता येतं?" नाना म्हणाले, "मारुतीच्या देवळापासून सोनारांच्या ओट्यापर्यंत. मग तिथून पाटलांच्या ओट्यापर्यंत. मग वाचनालय." डॉक्टरांना मीटर हवे होते. ते केसपेपरवर काहीतरी दोनशे-अडीचशे असं लिहून मोकळे झाले. पण नानांचं उत्तर जास्त बरोबर होतं असं मला वाटतं. उतारवयात माणूस किती चालेल, हे त्याच्या गुडघ्यांइतकंच वाटेत टेकायला कुठे मिळतं यावर असतं. अडीचशे मीटरवर बसायला मिळालं तर तोच माणूस दोन किलोमीटरही जाऊन येतो. नाही मिळालं तर अडीचशेच्या भीतीनं शंभरही जात नाही. घरातच येरझाऱ्या घालतो, आणि मग सून म्हणते, दिवसभर मध्ये मध्ये येतात.

नानांचा रोजचा फेरा ठरलेला. गल्लीतून निघायचं, वाचनालयात पेपर चाळायचे, परतताना पाच कंदीलच्या बाजारात भाजी बघायची. घेतीलच असं नाही, भाव विचारून येतात आणि घरी आमच्या भाजीवाल्याला त्यावरून झापतात. या वाटेवरच्या ओट्यांचा त्यांच्या डोक्यात पक्का नकाशा आहे. सोनारांचा ओटा पूर्वेला तोंड करून, म्हणजे डिसेंबरात तिथे बसावं आणि एप्रिल लागला की टाळावा. पाटलांचा ओटा शहाबादी फरशीचा, उन्हाळ्यात गार, पण उंची कमी, उठताना गुडघ्यावर हात देऊन 'हे विठ्ठला' करावं लागतं. एका ओट्यावर बसलं की आतून चहा येतोच, म्हणून घाईत असताना तिथे थांबायचं नाही. "कोठे चालनात नाना? आठे बठा ना थोडं," हे इतकं सहज म्हटलं जातं, की थकून बसलोय हे कबूल करायची पाळीच येत नाही. गप्पा मारायला बसलोय. दम खाल्ला जातो तो फुकटात.

या गल्ल्या चालायला सोप्या का, याचं मूळ जुनं आहे. पेशवाई बुडाल्यावर 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. इथे आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळं मुख्य ठाणं केलं, व्यापाऱ्यांना, कारागिरांना जागा आणि सवलती देऊन बोलावलं. नव्या वस्तीचे रस्ते सरळ आखले. म्हणून आजही आमच्या पत्त्यात गल्लीला नाव असण्याऐवजी बऱ्याचदा नंबर असतो. सरळ रस्त्यात म्हाताऱ्या माणसाला पुढचं लांबूनच दिसतं: गाय बसली आहे की नाही, कुत्री कोणत्या टोकाला आहेत, ट्रॅक्टर शिरतोय का. ब्रिग्जसाहेबानं ओटे मात्र आखले नव्हते, ते लोकांनी घातले. उंबऱ्याबाहेर हात-दीड हात जागा, धान्य वाळवायला, पापड घालायला, आल्यागेल्याला टेकायला.

आता ते ओटे चाललेत. घर नवं बांधलं की पहिली कुऱ्हाड ओट्यावर, कारण तिथे मोटारसायकल लागते. ज्यांनी ठेवलेत त्यांनी लोखंडी जाळी मारली, किंवा काठाला टोकदार फरश्या लावल्या, कोणी बसू नये म्हणून. त्यांचंही चुकतं असं नाही. रात्री पोरं येऊन पिचकाऱ्या मारतात, बाटल्या ठेवून जातात, धुवायला घरातल्या बायका. पण चार ओटे गेले की नानांचा नकाशा तुटतो. मध्यंतरी एक मोठं घर पडून त्या जागी शटरवाली दुकानं झाली, तेव्हापासून नानांनी वाचनालयाची वाट बदलली, आणि नवी वाट लांबची आहे.

देवपूरला माझी आत्या राहते. पांझरा नदीच्या पलीकडचा तो भाग मोकळा, रस्ते रुंद, झाडंही बरी. कागदावर पाहिलं तर म्हाताऱ्यांनी तिथे चालावं. पण आत्या चालत नाही. मी एक दिवस तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेलो तेव्हा कारण कळलं. तिथे प्रत्येक बंगल्यानं गाडी आत चढवायला सिमेंटचा उतार केलाय, तो कंपाउंडच्या बाहेर पार रस्त्यात आलेला. रस्त्याच्या कडेनं चालायचं म्हणजे एक पाय वर, एक पाय खाली, दर वीस पावलांवर. आत्याच्या चष्म्याला खालच्या भागात वाचायचा नंबर आहे, त्यामुळे खाली पाहिलं की जमीन धूसर दिसते आणि पायरी किती खोल याचा अंदाज चुकतो. मग ती उतार टाळून रस्त्याच्या मधून चालते आणि मागून येणाऱ्या ई-रिक्षाचा आवाजच येत नाही. रिक्षावाला शेवटच्या क्षणी ओरडतो, "ओ आजी!" एकदा दचकली, पडली नाही, पण त्या दिवसापासून घराबाहेर पडणं कमी झालं ते झालंच. पडण्याइतकीच पडण्याची भीती माणसाला घरी बसवते. आणि घरी बसलं की पायातला जोर उतरतो, तोल जातो, मग पडायची शक्यता खरोखरच वाढते. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांनाही आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय तोल सांभाळायचे व्यायाम वेगळे. आत्याला हे तिच्या डॉक्टरनंही सांगितलंय. कुठे करायचं, ते सांगितलेलं नाही.

बाकडी देवपुरात आहेत. नगरसेवकाच्या निधीतून आलेली, पाठीवर सौजन्य म्हणून ठळक नाव. काहींवर कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ असं असतं, नाना ती वाचत जातात आणि "अरे, हा पण गेला?" म्हणून थांबतात. तक्रार एवढीच, की ही बाकडी जिथे माणसं आधीच बसलेली असतात तिथे आहेत: बागेत, मंदिरासमोर, नगरसेवकाच्या दाराशी. दुकान आणि घर यांच्या मधोमध, जिथे पाय बोलायला लागतात, तिथे एकही नाही. बहुतेकांना हात टेकायला दांडा नसतो. बसणं सोपं आहे हो, उठायला हात लागतो. साधारण 45 सेंटीमीटर उंची, पाठ, दोन्ही बाजूंना हाताला आधार आणि वर सावली, एवढ्यावर काम भागतं. त्यात आमच्याकडे सावलीला पहिला मान. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसकडे जातो, सिमेंटच्या बाकड्याला अकरा वाजता हात लावून पाहा. आणि हेच धुळं हिवाळ्यात सहा अंशांच्या खालीही जातं. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्यांचं घड्याळ ऋतूबरोबर फिरतं, उन्हाळ्यात सात-साडेसातच्या आत घरी परत आणि डिसेंबरात आठशिवाय बाहेर नाही. रस्त्याकडेचा एक जुना कडुलिंब तोडला की कुणाच्या तरी फेऱ्यातला अर्धा तास जातो, पण ते कुठल्या अहवालात येत नाही.

आग्रा रोड ओलांडणं हे स्वतंत्र प्रकरण आहे. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं जगात बहुतेक ठिकाणी धरतात. इंग्लंडमध्ये पासष्टीच्या पुढच्यांचा वेग मोजला, तो सरासरी पुरुषांचा 0.9 आणि बायकांचा 0.8 निघाला. पंधरा मीटरचा रस्ता हिशेबानं साडेबारा सेकंदांत पार व्हायला हवा, आत्याला एकोणीस लागतील. सिंगापुरात 2009 पासून ज्येष्ठांनी आपलं कार्ड खांबाला लावलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. आमच्याकडे दिवा सुरू असला तरी पेढे वाटावेत. नाना ओलांडतात ते एखादी कॉलेजची मुलगी किंवा शाळकरी पोरांचा घोळका बघून, त्यांच्या आडोशानं. हात वर करून ट्रॅफिक पोलिसासारखे निघतात. दुभाजक फूटभर उंच, त्यातून जायला फट शोधायची तर पार पुढच्या चौकात. रस्त्यांचे नियम करणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं 2012 मध्येच लिहून ठेवलंय, की फुटपाथची कड 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी उंच असावी आणि चालायला 1.8 मीटर मोकळी रुंदी असावी. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तर चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. हे मी नानांना वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "मग ते कोर्ट कोणत्या बाजूनं ओलांडायचं?"

फुटपाथ म्हटलं की लगेच अतिक्रमणाचा विषय निघतो आणि बोट हातगाडीवाल्याकडे जातं. यात माझं मत जरा वेगळं आहे. भाजीवाली, चहाची टपरी, चप्पल शिवणारा हे नानांच्या वाटेवरचे अर्धे ओटे आहेत. भाजीवाली स्टुल सरकवते, टपरीवाला पाण्याचा ग्लास पुढे करतो, नाना दोन दिवस दिसले नाहीत तर तिसऱ्या दिवशी चप्पल शिवणारा विचारतो. एका रस्त्यावर गाड्या उठवण्याची मोहीम झाली तेव्हा रस्ता चार दिवस चकचकीत मोकळा होता, आणि नानांना तिथे जायला करमेना. पाचव्या दिवशी त्या मोकळ्या जागेत मोटारसायकली लागल्या. हातगाडी निदान 'सरका नाना' म्हटलं की सरकते, हँडल लॉक केलेली बुलेट सरकत नाही. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यांना जागा नेमून द्यायची, चालायची पट्टी सोडायची, हे सगळं त्यात आहे. ते करावं. पण रस्ता रिकामा केला म्हणजे म्हाताऱ्यांची सोय झाली, हे खरं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती बायका बोलत नाहीत आणि पुरुषांना सुचत नाही. माझी आई बाजारात निघायच्या आधी तासभर पाणी पीत नाही. बेचाळीस डिग्रीत. कारण मध्ये कुठे जायची सोय नाही. पुरुषांसाठी कोपऱ्याकोपऱ्यावर मुताऱ्या आहेत, वासावरून सापडतात. बायकांसाठी एखादी असलीच तर कुलूप, किंवा आत दिवा नाही, किंवा तीन पायऱ्या चढून घसरडी फरशी. साखरेची गोळी, बीपीची लघवी वाढवणारी गोळी, त्यातून वय. लघवी धरवत नाही म्हणून पाणी तोडायचं, मग चक्कर, मग 'हिला आता बाहेर सोडू नका.' डॉक्टरनं लिहून दिलेली बीपीची गोळी आई बाजाराच्या दिवशी परस्पर दुपारवर ढकलते. हे मला फार उशिरा कळलं, तेही बहिणीकडून. मला विचाराल तर बाकड्याच्याही आधी हे व्हायला हवं.

याच आईच्या मैत्रिणी चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जातात. खानदेशातून गडावर पायी जाणाऱ्यांची ही रीत जुनी आहे, वाटेत मालेगावपासून पुढे ध्वज, ढोल आणि माणसांची रांग. शंभरावर किलोमीटर, उन्हाच्या भरात. त्यातल्या साठी-सत्तरीच्या बायका एरवी बँकेत पेन्शन आणायला मुलाच्या गाडीवर मागे बसून जातात, कारण बँक 'लांब' आहे. मी आईच्या एका मैत्रिणीला विचारलं, की मावशी, हे कसं काय? भक्ती वगैरे म्हणतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तठे जागोजागी मांडव राहतस." आणि मग सगळी व्यवस्थाच सांगितली. रात्री आणि पहाटे चालायचं, ऊन तापलं की मांडवात आडवं व्हायचं. दर काही अंतरावर पाणी, सरबत, कुठे खिचडी, कुठे कोणी अनोळखी पोरगं पायाला तेल लावून देतं. सोबत चार जणी, त्यातली एक मागे राहिली तर बाकीच्या थांबतात. वाहनं आपली बाजूनं हळू जातात, कारण देवीची माणसं. थकलं तर मागून टेम्पो आहे, त्यात बसलं म्हणून कोणी हसत नाही. म्हाताऱ्यांना चालतं ठेवण्याचं इतकं चांगलं नियोजन मी कुठल्या स्मार्ट सिटीच्या आराखड्यात पाहिलेलं नाही, आणि ते दरवर्षी गावोगावची मंडळं वर्गणीवर करतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये ज्येष्ठांना सोयीच्या शहरांबद्दल एक मार्गदर्शिका काढली होती. जगातल्या 33 शहरांतल्या म्हाताऱ्यांना विचारून केलेली, त्यात आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर होती. बसायला जागा, स्वच्छतागृहं, सपाट न घसरणारे फुटपाथ, ओलांडायला पुरेसा वेळ. मावशींच्या मांडवापेक्षा त्यात नवीन काही नाही.

सरकारनं केलंय ते पण सांगितलं पाहिजे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट 2022 पासून फुकट झाला, त्या योजनेचं नाव अमृत ज्येष्ठ नागरिक. पुढच्या वर्षी बायकांना अर्धं तिकीट झालं. नाना त्याचा पुरेपूर उपयोग करतात, शिरपूरला मित्राकडे जाऊन जेवून संध्याकाळी परत. शिरपूर फुकट, पण घरापासून बसस्थानकापर्यंत रिक्षाला पैसे मोजावे लागतात, कारण ती वाट चालवत नाही. आणि एसटीची पहिली पायरी! ती कोणी उंटावर बसायची सवय असलेल्या माणसानं ठरवली असावी. कंडक्टर वरून हात देतो, खालून एखादा पोरगा रेटा देतो, आणि नाना अमृतयोजनेत दाखल होतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराचा पुढचा भाग पाडून बांधायला काढला. इंजिनिअरनं नकाशा आणला त्यात ओटा नव्हता, तिथे पार्किंग होतं. मुलाला गाडी घ्यायची आहे, त्यामुळे मलाही ते पटलं होतं. नानांनी नकाशा उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं, "आप्पा सायकल घेऊन येतो, तो कोठे बसेल?" इंजिनिअर म्हणाला, "आत हॉलमध्ये बसतील की." नाना म्हणाले, "हॉलमध्ये पाहुणा बसतो. वाटेनं जाणारा बसत नाही." दोन आठवडे घरात यावरच वाद. शेवटी गाडी थोडी आत सरकवून, जिन्याचं वळण बदलून हात-दीड हाताचा ओटा वाचवला. उंची इंजिनिअरकडून मुद्दाम मोजून घेतली, भिंतीत स्टीलचा दांडा बसवला, उठताना धरायला. वरून पत्र्याची झाप.

आता त्यावर आप्पा बसतात, पेपरवाला बसतो, शाळा सुटली की पोरं बसतात आणि आमचं वायफाय वापरतात. परवा एक अनोळखी आजी टेकल्या, पाणी मागितलं, मग हळूच 'जायचं' विचारलं, आईनं त्यांना आत नेलं. संध्याकाळी कोपऱ्यात गुटख्याची पिचकारी होती. बायकोनं ती दाखवली आणि बादली माझ्या हातात दिली. ओटा ठेवायचा असेल तर धुवायचा मी, आईनं नाही आणि तिनंही नाही, अशी तिची अट आहे.